खापरपणजोबांचा माग : कामाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२३
लक्ष्मीपूजनाला गावी गेलो होतो, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक एकदाची खाली उतरवली. कडी गंजून बसली होती. ती कापताना करवतीचं पातं मोडलं. आत एक अडकित्ता, पितळी तांब्या, खणाच्या तुकड्यात गुंडाळलेलं चांदीचं पदक आणि लाल रुमालात बांधलेले मोडी कागद. कागद मोजले, अकरा निघाले.

आमचं गाव माणदेशात. गावात आमच्या घराला ‘काबुल्याचं घर’ म्हणतात. घरात चालत आलेली गोष्ट तीन वाक्यांची आहे : खापरपणजोबा पलटणीत होते, ते काबूलला लढले, सरकारने खूश होऊन त्यांना बारा एकरांचं रान बक्षीस दिलं. लहानपणापासून एवढंच ऐकलंय. तिन्ही वाक्यं वेगवेगळी तपासायची असं ठरवलं. दोन महिने लागतील असा अंदाज. (नंतरची भर : दहा लागले.)

१९ नोव्हेंबर
पहिली चूक, आणि ती भरून न येणारी. पदक काळं पडलं होतं, म्हणून चिंच आणि भांडी घासायची पावडर लावून चोळलं. वरची राणी चकाकली, मागच्या बाजूचा तोफ वाहून नेणारा हत्ती चकाकला, त्याखालचे १८७८-७९-८० हे आकडे स्वच्छ दिसू लागले. कडेवर काही कोरलेलं असतं हे मला रात्री कळलं. सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण, सगळं त्या बारीक कडेवर. आधीच झिजलेली ती अक्षरं मी अर्धा तास घासत होतो. तुमच्या घरी असं पदक असेल तर कोमट पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपा आणि हात आवरा.

३ डिसेंबर
कड वाचण्यात रविवार गेला. भिंग घेऊन काही जमेना. शेवटी जमलं ते असं : मेणाच्या गोळीत पदक उभं रोवलं, खोलीत अंधार केला, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने अगदी सपाट धरला आणि थोडं थोडं फिरवत चौदा फोटो काढले. मग कडेवर पातळ कागद दाबून पेन्सिल घासली. दोन्ही ताडून चार आकडी नंबर, ‘सिपॉय’, इंग्रजांनी पार वाट लावलेलं नाव आणि शेवटी ‘९थ बो. एन. आय.’ एवढं मिळालं. म्हणजे बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री, ९ नंबरची पलटण.

पदकाची मूळ वरची पट्टी गेली आहे. तिच्या जागी कुणीतरी सोनाराकडून डाक देऊन कडी बसवली आहे, कारण पणजी हे पदक दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. डाकाचा ओघळ कडेवर आलाय. तो ९ च्या अगदी अलीकडे येऊन थांबतो, हे मी पाहिलं आणि मनावर घेतलं नाही. त्याची किंमत पाच महिने.

२४ डिसेंबर
आत्याकडे बसून पिढ्या मांडल्या. तिच्या हिशेबात एक पिढी कमी भरत होती. कारण साधं : आमच्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे एकाच नावाचे दोघे एकमेकांत मिसळले होते. पलटणीतले ते पणजोबा की त्यांचे आजोबा, यावरून दोन तास वाद. दर पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरून मागे गेलो तेव्हा १८८० साली लढाईच्या वयाचे फक्त या दोघांच्या मधले खापरपणजोबाच बसले.

नानांनी (माझे चुलते, वय ८१) हेळव्यांची आठवण काढली. सुगीनंतर हेळवी दारात यायचे, वहीतून कुळी वाचायचे आणि धान्य-कापड घेऊन जायचे. नानांनी पोरवयात ऐकलेलं त्यांना अजून आठवतं : तीन भाऊ, थोरला मोठ्या दुष्काळात गेला, मधला पलटणीत, धाकटा रानात. मोठा दुष्काळ म्हणजे १८७६-७८ चा. घरच्या गोष्टीत थोरला आणि धाकटा कधीच नव्हते.

१३ जानेवारी २०२४
तिसरं वाक्य, म्हणजे बक्षिसाचं रान. भूमी अभिलेखच्या संकेतस्थळावर आमचा गट नंबर टाकून जुने कागद शोधत दोन संध्याकाळी घालवल्या. काहीही सापडलं नाही, आणि सापडणार नव्हतंच. गट नंबर एकत्रीकरण योजनेनंतरचे. त्याआधीच्या कागदांवर सर्व्हे नंबर असतात. तालुक्याला जाऊन एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून जुना सर्व्हे नंबर काढला, मग गाडी पुढे सरकली.

अभिलेख कक्षात गर्दी होती. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडीत ‘कु’ दिसला की फोटो काढणारे सगळीकडे आहेत. एका परीने बरंच, कारण रजिस्टरं कपाटाबाहेर आलीत. जे मिळालं ते असं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्यानंतर आली, त्यामुळे फेरफारांवरून मागे जाता येतं ते तेवढंच. इनाम पत्रकात आमचा नंबर नाही. कडई पत्रकात, म्हणजे खातेदारांच्या जुन्या यादीत आहे, तोही साध्या खातेदाराचा, पूर्ण आकार (सारा) भरणाऱ्याचा. बक्षिसाच्या जमिनीचा कुठे मागमूस नाही.

नानांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “कागद चुकला असेल.”

१० फेब्रुवारी
दिवस वाया. मुंबईला काम होतं, म्हणून कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये गेलो. अफगाण लढाई म्हटल्यावर इथे काहीतरी असणारच, असा भाबडा हिशेब. हे चर्च मुळात बांधलं ते १८३८ ते ४३ च्या मोहिमेत मेलेल्यांसाठी. आमची लढाई दुसरी, १८७८ ते ८० ची. शिवाय त्या मूळ स्मारकावर नावं आहेत ती अधिकाऱ्यांची. बाकी शिपायांबद्दल एवढंच, की ते इतके होते की त्यांची नावं इथे लिहिणं शक्य नाही. बाकावर बसून ते वाक्य दोनदा वाचलं. खर्च ९०० रुपये.

२५ फेब्रुवारी
मोडीच्या मुळाक्षरांचा तक्ता घेऊन महिनाभर झगडलो. ओळ आधी आखून घ्यायची आणि लेखणी न उचलता पुढे जायचं, त्यामुळे शब्द कुठे संपतो तेच कळत नाही; ऱ्हस्व-दीर्घाचा तर प्रश्नच येत नाही. तरी धीर करून दोन शोध लावले.

पहिला : एका कागदावर ‘फारखत’ वाचलं. घरच्या ग्रुपवर टाकलं की खापरपणजोबांनी काडीमोड दिला होता. आत्याने दोन दिवस फोन उचलला नाही.

दुसरा : सहा छोट्या कागदांवर रकमेच्या पुढे ‘हस्ते’, आणि त्यापुढे क, ब, ल. काबूल! पैसे काबूलहून येत होते, याहून भक्कम पुरावा काय हवा? त्या आनंदात रात्री झोप लागली नाही.

१६ मार्च
मोडी वाचणाऱ्या बाईंकडून वाचन आलं. पानाला ३५० प्रमाणे ३,८५०. त्यावर ७०० जास्तीचे, कारण पहिले फोटो मी फ्लॅश मारून काढले होते आणि शाई कागदात विरून गेली होती. खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, कागदावर काच ठेवून काढा. एकदाच पैसे जातील.

माझे दोन्ही शोध बाद. बाईंनी हसू आवरत समजावलं. ‘फारखत’ सावकाराने दिलेली आहे, कर्ज फिटल्याची. आणि ते काबूल नाही, ‘कबिला’ आहे. जुन्या वळणाच्या लिखाणात बायकोला कबिला म्हणत; लिहिणारा कारकून जुना असणार. हस्ते कबिला. म्हणजे पैसे सावकाराच्या हातात नेऊन दिले ते खापरपणजीने.

आता कागद क्रमाने लावले :

शके १७९९, म्हणजे १८७७-७८. दुष्काळाचं वर्ष. बारा एकर गहाण, मुद्दल १५० रुपये, व्याज दरमहा शेकडा दोन. गहाण लिहून देणारा थोरला भाऊ. हेळव्याच्या वहीतला तोच, दुष्काळात गेलेला.

त्यानंतर सहा पावत्या, शके १८०२ ते १८०६ : २०, ३२, २४, ४०, ३५ आणि ४५. बेरीज १९६ रुपये. मग फारखत. उरलेले तीन कागद शेतसाऱ्याचे, त्यात विशेष काही नाही.

तेव्हा शिपायाचा महिन्याचा पगार ७ रुपये. १९६ म्हणजे पुऱ्या २८ महिन्यांचा पगार, आणि शिपायाच्या हातात पुरा पगार कधी पडतच नसे. खाणं आणि सरंजाम त्यातूनच कापला जाई.

एक गोष्ट मला छळत होती : एवढ्या पावत्या टिकल्या कशा? सावकार कुळाला पावती देतोय हेच मुळात नवल. उत्तर कायद्यात सापडलं. १८७५ मध्ये पुणे आणि नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. पैसे भरले की लेखी पावती मागायचा हक्क त्यात कुळाला मिळाला. आमची पहिली पावती त्याच्या पुढच्याच वर्षाची. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने ती मागून घेतली आणि खणात बांधून ठेवली. त्याच खणात आता पदक होतं.

तर तिसरं वाक्य निकालात निघालं. रान बक्षीस नव्हे, सोडवलेलं. नानांना अजून सांगितलेलं नाही.

१२ एप्रिल
चैत्री यात्रेला भावकी जमते. या वर्षी आपल्या शोधाचा फ्लेक्स लावू असं चुलतभावांनी ठरवलं. मी मजकूर दिला : ‘मैवंदच्या रणातील काबूलवीर’. मैवंद हे नाव मी वाचनातून उचललं होतं. २७ जुलै १८८०, अफगाण सरदार अयुबखानाशी लढाई, सुमारे अडीच हजारांच्या फौजेतले साडेनऊशेच्या वर मारले गेले, आणि त्यात मुंबई फौजेच्या पलटणी होत्या. आमचे त्याच फौजेतले, म्हणजे तिथे असणारच. पुरावा शून्य, उत्साह भरपूर. सहा बाय चार, १,३५० रुपये.

२३ एप्रिल
यात्रा झाली. फ्लेक्ससमोर सगळ्यांनी फोटो काढले. नाना फेटा बांधून मधोमध.

४ मे
नाशिकला. तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत गावोगावच्या यात्रेकरूंच्या नोंदी असतात, हे ऐकून होतो. गेलो आणि हात हलवत परतलो. मी आडनाव सांगत राहिलो. आमचं आताचं आडनाव शाळेत नाव घालताना लागलेलं. जुन्या नोंदीत ते नाहीच. शिवाय एकेका उपाध्यायांकडे ठरावीक गावं असतात आणि मी भलत्याच घरी बसलो होतो. एक दिवस, गाडीभाडं आणि ५०१ दक्षिणा.

१८ मे
या वेळी आधी फोन केला, गावाचं आणि जुन्या तालुक्याचं नाव सांगितलं, कुळी सांगितली. गुरुजींनी लांबट वही काढली. वीस मिनिटांत नोंद सापडली : शके १८११. नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, भाऊ ‘कैलासवासी’ म्हणून, बायको, दोन मुलगे. शेवटी एक ओळ, गुरुजींनी बोट ठेवून सावकाश वाचली : ‘पलटण नंबर १९, हल्ली घरी.’

एकोणीस.

घरी येऊन पदक पुन्हा काढलं. डाकाचा तो ओघळ. त्याखाली १ दडलेला आहे. म्हणजे डिसेंबरपासून मी चुकीच्या पलटणीच्या मागे होतो. सोनार म्हणाला, डाक काढून देतो, दहा मिनिटांचं काम. आत्या म्हणाली, “आजीनं घातलेली कडी आहे ती, हात लावायचा नाही.” डाक आहे तिथेच आहे.

२ जून
१९ नंबर कळल्यावर चित्र झरझर उलगडलं, आणि फ्लेक्सची आठवण होऊन पोटात गोळाही आला.

१९ वी मुंबई पलटण मैवंदला नव्हती. तिथे १ ली ग्रेनेडियर्स आणि ३० वी होती. १९ वी तेव्हा कंदाहारात होती. मैवंदच्या पराभवानंतर अयुबखानाने कंदाहारला वेढा घातला, त्या वेढ्याच्या आत. १६ ऑगस्ट १८८० ला वेशीबाहेरच्या देह ख्वाजा गावावर चढाई झाली, त्यात १९ वी होती. चढाई फसली, शंभराच्या वर माणसं मेली, ब्रिगेडियर ब्रूकही पडला. जनरल रॉबर्ट्स काबूलहून फौज घेऊन येतोय म्हटल्यावर अयुबखानाने वेढा उठवला, आणि १ सप्टेंबरच्या लढाईत त्याचा पराभव झाला.

काबूलचं म्हणाल तर मुंबई फौजेचा रस्ताच वेगळा : सिंधमधून बोलन घाट, क्वेट्टा, कंदाहार. आमचे काबूलला गेल्याचं काहीच दिसत नाही. गावाने ‘अफगाणिस्तान’चं काबूल केलं आणि ते घराला चिकटलं. दुसरं वाक्यही अर्धंच खरं.

याच कामात आणखी एक आठवडा गेला. मराठा पलटण म्हणून मी पत्रं धाडत होतो, ती सगळी चुकीच्या पत्त्यावर. १९०३ च्या फेररचनेत मुंबईच्या पलटणींच्या नंबरात शंभर मिळवले गेले, १९ ची ११९ झाली. १९२२ मध्ये ती जाट रेजिमेंटमध्ये गेली. शिपाई साताऱ्याचा असला, तरी त्याची पलटण आज मराठा रेजिमेंटमध्येच असेल असं नाही. आधी नंबर पक्का करा, मग तो पुढे कुठे गेला ते बघा, आणि पत्र त्यानंतर.

पावत्यांच्या तारखा पुन्हा पाहिल्या. पहिली ज्येष्ठ शके १८०२, म्हणजे १८८० चा जून. दुसरी थेट मार्गशीर्षात. मधले पाच महिने काहीच नाही. त्यातला ऑगस्ट वेढ्याचा. याला पुरावा म्हणता येणार नाही. पण मैवंदची बातमी आली, पैसे थांबले, आणि ती बाई दोन लहान पोरं घेऊन सावकाराच्या तगाद्यासमोर बसली होती, हे डोळ्यांसमोरून हलत नाही.

२७ ऑगस्ट
पदक मिळालेल्यांच्या याद्या इंडिया ऑफिसच्या लष्करी कागदांत आहेत, आणि ते कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. तिथून प्रत मागवण्यात जूनपासूनचा वेळ आणि ४,२०० रुपये गेले. पलटण ठाऊक नसती तर काय मागवायचं तेच सांगता आलं नसतं.

पानावर नाव शोधत बसलो तर सापडेना. मग नंबराने शोधलं आणि लगेच सापडलं. कडेवरचाच चार आकडी नंबर. नावाचं स्पेलिंग पदकावर एक आणि इथे तिसरंच. पुढे कंदाहारच्या पट्टीचा रकाना आहे, त्यात खूण आहे. म्हणजे १ सप्टेंबरच्या लढाईत ते होते आणि पदकावर ‘कंदाहार’ लिहिलेली पट्टी होती. पणजीच्या कडीसाठी सोनाराने काढली ती तीच असणार.

१५ सप्टेंबर
गौरी-गणपतीला गावी. वंशावळ नव्याने लिहायला बसलो. नानांना सगळं एकदाच सांगितलं : गहाण, पावत्या, कबिला, कंदाहार. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बक्षीसच लिही. लोकांना काय करायचंय आपलं कर्ज?” मी फारखत पुढे केली. त्यांनी चष्मा लावून कागद उलटासुलटा पाहिला. मोडी त्यांनाही येत नाही. “किती भरले म्हणालास?” “एकशे शहाण्णव.” “आणि हिनं नेऊन दिले?” “प्रत्येक वेळी.”

आमच्या वंशावळीत बायका नाहीत, फक्त रेघा आहेत. नानांनी पेन मागितलं आणि खापरपणजोबांच्या शेजारी तिचं नाव स्वतः लिहिलं. इथे ते देऊ नको म्हणाले, म्हणून देत नाही. बक्षिसाचं वाक्य त्यांनी खोडलं नाही, त्याच्याभोवती कंस घातला.

खर्च, विचारणाऱ्यांसाठी : मोडी वाचन ४,५५०, नाशिकच्या दोन खेपा २,९०० आणि दक्षिणा १,००२, लंडनची प्रत ४,२००, मुंबई ९००, नकला आणि तालुक्याचे हेलपाटे ६४०, फ्लेक्स १,३५०. एकूण १५,५४२. मुंबई आणि फ्लेक्स पूर्ण वाया, नाशिकची पहिली खेपही.

फ्लेक्स मात्र अगदीच वाया गेला नाही. पावसाच्या आधी धाकट्या चुलतभावाने तो कडब्याच्या गंजीवर उलटा टाकून दोरीने आवळला. अक्षरं आत, कोरी बाजू वर. यंदा पाऊस चांगला झाला, तरी गंजीत थेंब गेला नाही.